गाणारा एक, बोलणारा दुसरा : रँडी न्यूमन यांची उपरोधिक गीते आणि त्यांची पुनर्प्रकाशने

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पुनर्प्रकाशन ही सामान्यतः व्यापाराची बाब समजली जाते. कंपनीच्या साठ्यातील जुनी फीत बाहेर काढावी, तिच्या आवाजावर नव्या यंत्रांनी संस्कार करावेत, शेवटी चारदोन अप्रकाशित गाणी जोडावीत आणि ज्याने तो संग्रह एकदा विकत घेतला आहे त्यालाच तो पुन्हा विकावा, असा हा व्यवहार आहे, ही समजूत पुष्कळदा खरीही ठरते. परंतु काही गीतकारांच्या गाण्यांचा अर्थ शब्दांच्या वाच्यार्थात सापडत नाही. ते शब्द कोणाच्या तोंडी घातले आहेत, कोणत्या चालीत बसवले आहेत आणि त्या गाण्याच्या आधी व नंतर कोणते गाणे येते, यांवर तो अवलंबून असतो, आणि अशा गीतकाराच्या बाबतीत पुनर्प्रकाशन हा थेट अर्थाशी निगडित प्रश्न होऊन बसतो. अमेरिकी गीतकार, गायक, पियानोवादक व चित्रपट-संगीतकार रँडी न्यूमन हे अशा गीतकारांतील अग्रगण्य नाव होय. १९६८ ते १९७४ या सहा वर्षांत त्यांचे जे संग्रह प्रसिद्ध झाले, त्यांच्या नंतरच्या आवृत्त्यांविषयी आणि त्यांतील उपरोधाविषयी त्यांचे जाणकार श्रोते आजही हिरिरीने चर्चा करतात. त्या चर्चेमागील साहित्यिक व सांगीतिक कारणे उलगडणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या श्रोत्यांचे वाद बाहेरच्या माणसाला अतिसूक्ष्म वाटण्याचा संभव आहे. एका संग्रहाच्या कोणत्या आवृत्तीत व्हायोलिनांचा आवाज गायकाच्या आवाजाला झाकून टाकतो, एखाद्या गाण्याचा कच्चा मसुदा मूळ संग्रहाला जोडून विकावा की स्वतंत्र ठेवावा, वेष्टनावर गीतांचे शब्द छापणे अगत्याचे आहे की नाही, असे प्रश्न त्यांत वारंवार येतात. पण एखाद्या प्राचीन ग्रंथाच्या निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहून विश्वसनीय पाठ ठरवण्याच्या शास्त्राला ज्या अर्थाने पाठचिकित्सा म्हणतात, त्याच अर्थाने हे वादही पाठचिकित्साच आहेत, कारण ध्वनिमुद्रित गीताचा पाठ म्हणजे त्याचे शब्द, सूर, आवाजांचा समतोल आणि संग्रहातील स्थान या सर्वांची एकत्रित मांडणी होय. न्यूमन यांच्या बाबतीत ही मांडणी जराशी हलली तरी एखादे करुण गाणे क्रूर वाटू लागते आणि एखादे जळजळीत गाणे निव्वळ गोड होऊन बसते.

न्यूमन यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९४३ रोजी लॉस एंजेलिस येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील अर्व्हिंग हे डॉक्टर होते, तर आल्फ्रेड, लायोनेल व एमिल हे तिघे काका हॉलिवुडच्या चित्रपट-संगीतात नावाजलेले होते. त्यांपैकी आल्फ्रेड न्यूमन यांना नऊ ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या संस्थेच्या चित्रपटांच्या आरंभी वाजणारी प्रसिद्ध ललकारीही त्यांचीच रचना होती. आई न्यू ऑर्लिन्सची असल्यामुळे बालपणाचा काही काळ व पुढच्या अनेक सुट्ट्या त्या शहरात गेल्या. या दोन घरांमधून दोन अगदी भिन्न सांगीतिक संस्कार त्यांच्याकडे आले : एकीकडे शब्दांविना भावना जागवणारा, प्रेक्षकाला कधी रडावे व कधी अभिमानाने ताठ व्हावे हे सांगणारा चित्रपटीय वाद्यवृंद, आणि दुसरीकडे फॅट्स डॉमिनो यांच्यासारख्या वादकांनी लोकप्रिय केलेली न्यू ऑर्लिन्सची डुलत्या लयीची पियानोवादनपद्धती. सतराव्या वर्षीच ते एका प्रकाशनसंस्थेसाठी व्यावसायिक गीतलेखन करू लागले. त्यांचे बालमित्र लेनी वॉरोंकर पुढे वॉर्नर ब्रदर्स समूहात ध्वनिमुद्रण-निर्माते झाले आणि त्यांच्याच आग्रहामुळे न्यूमन स्वतःची गाणी स्वतः गाऊ लागले. १९६८ चा पहिला संग्रह वॉरोंकर व व्हॅन डाइक पार्क्स यांनी निर्माण केला. समीक्षकांनी तो वाखाणला, पण त्याची विक्री फारच अल्प झाली, तो दीर्घकाळ बाजारातून नाहीसा झाला आणि सीडीच्या रूपाने तो उपलब्ध होण्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात ज्यांना न्यूमन माहीत होते ते बहुधा इतरांच्या आवाजातून, म्हणजे जुडी कॉलिन्स, अ‍ॅलन प्राइस, थ्री डॉग नाइट किंवा हॅरी निल्सन यांच्या ध्वनिमुद्रिकांतून. निल्सन यांनी तर १९७० मध्ये केवळ न्यूमन यांच्या गाण्यांचा एक संपूर्ण संग्रह काढला आणि त्यात पियानो स्वतः न्यूमन यांनीच वाजवला.

न्यूमन यांच्या लेखनपद्धतीचा गाभा नाट्यात्म एकभाषित हा आहे. ज्या कवितेत कवी स्वतः बोलत नाही, एका कल्पित व्यक्तीला बोलते करतो आणि त्या व्यक्तीच्या बोलण्यातूनच तिला स्वतःला न कळलेले तिचे दोष, भीती व खोटेपणा वाचकाला दिसू लागतात, तिला नाट्यात्म एकभाषित म्हणतात. इंग्रजी कवितेत एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्राउनिंग यांनी हा प्रकार परिपूर्ण केला. लोकप्रिय गीताच्या परंपरेत मात्र गाण्यातला 'मी' आणि गाणारा गायक एकच आहेत असे श्रोता गृहीत धरतो, आणि १९६० च्या दशकानंतर तर स्वतःचे अंतरंग उघडे करणे हेच गायक-गीतकाराचे कर्तव्य मानले जाऊ लागले. न्यूमन यांनी नेमके याच गृहीतकाच्या विरुद्ध लेखन केले. त्यांच्या गाण्यांतून बोलणारे लोक म्हणजे गुलामांचे दलाल, वंशद्वेष्टे कामगार, स्वतःच्या राष्ट्राच्या मोठेपणाने फुगलेले देशाभिमानी, स्त्रीचा पाठलाग करणारा विकृत मनुष्य, स्वतःच्या श्रीमंतीची फुशारकी मारणारा गायक आणि एका गाण्यात तर साक्षात परमेश्वर. यांपैकी बहुतेकांना आपण काय बोलून जातो आहोत याची जाणीव नसते.

मराठी वाचकाला या प्रकाराची ओळख करून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती करणारा व्याजस्तुती हा अलंकार आपल्या काव्यशास्त्राला परिचित आहे, आणि उच्चाराच्या विशिष्ट वळणामुळे वाक्याचा अर्थ उलटतो त्या आवाजातील बदलाला 'काकू' अशी स्वतंत्र संज्ञाही आहे. संत एकनाथांच्या भारुडांत सासरच्या माणसांचा नाश मागणारी सून बोलते तेव्हा ऐकणाऱ्याला ठाऊक असते की वरवरच्या गाऱ्हाण्याआड प्रपंचाचे पाश तुटावेत ही प्रार्थना आहे. परंतु तेथे कीर्तनकार उभा असतो, तो त्या सुनेचे सोंग घेतो, सोंग उतरवतो आणि अर्थ उलगडून सांगतो. न्यूमन यांच्या ध्वनिमुद्रिकेत असा उलगडा करणारा कोणी नसतो. त्यांची काकूसुद्धा फसवी असते, कारण ते जड जिभेने, दक्षिणेकडच्या हेलात आणि कोणतीही सूचक छटा न दाखवता गातात, जणू बोलणाऱ्याचे म्हणणे त्यांना पूर्णपणे पटलेले आहे. उपरोधाची खूण आवाजात मिळत नाही, म्हणून ती चालीत, वाद्यवृंदात, गाण्यांच्या क्रमात आणि छापील शब्दांत शोधावी लागते, आणि चाल सोडल्यास याच गोष्टी पुनर्प्रकाशनात सर्वांत आधी बदलतात.

१९७२ च्या 'सेल अवे' या संग्रहाचे शीर्षकगीत याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. त्यात गुलामांच्या व्यापारातील एक दलाल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेथील माणसांशी बोलतो आहे आणि समुद्रापलीकडच्या भूमीत पोटभर अन्न, निर्धास्त जीवन व हिंस्र श्वापदांपासून सुटका मिळेल अशी आमिषे दाखवून त्यांना जहाजात बसण्याचे आवाहन करतो आहे. तो सिंहांबरोबर वाघांचेही नाव घेतो. वाघ आफ्रिकेत नसतातच, आणि ज्यांचे भले करायला आपण निघालो आहोत असे तो सांगतो त्यांच्या देशाविषयी त्याला काडीचेही ज्ञान नाही, हे या एका शब्दातून उघड होते. जहाज ज्या चार्ल्स्टनच्या दिशेने जाणार आहे ते बंदर उत्तर अमेरिकेत गुलाम उतरवण्याचे सर्वांत मोठे ठाणे होते. एवढ्या भीषण आशयाला न्यूमन यांनी दिलेली चाल मात्र संथ, भव्य आणि प्रार्थनागीतासारखी आहे. ध्रुवपदाशी व्हायोलिने उचंबळून येतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात, त्याची इच्छा असो वा नसो, त्या प्रवासाविषयी एक ओढ उत्पन्न होते. येथे वाद्यवृंद हा गाण्याचा साज नाही, तो त्या फसवणुकीचाच भाग आहे. दलालाचे शब्द कोणालाही सहज नाकारता येतील, पण त्या सुरांना नकार देणे कठीण जाते, आणि फसवले जाणे म्हणजे काय असते याचा अनुभव श्रोत्याला त्या काही मिनिटांत स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो.

म्हणूनच या गाण्याच्या नव्या आवृत्तीत वाद्यवृंदाचा आवाज कसा ऐकू येतो हा प्रश्न जाणकारांना जीवनमरणाइतका महत्त्वाचा वाटतो, आणि त्यांचे तसे वाटणे रास्त आहे. न्यूमन यांनी २००३ मध्ये नॉनसच या संस्थेसाठी आपल्या जुन्या गाण्यांचे केवळ पियानोच्या साथीने पुन्हा ध्वनिमुद्रण केले आणि पुढे २०११ व २०१६ मध्ये त्याचे आणखी दोन भाग आले. वृद्ध, थकलेल्या आवाजातील ही ध्वनिमुद्रणे अनेक गाण्यांना नवी खोली देतात. विशेषतः ज्यांत बोलणारा एकाकी आहे ती गाणी मूळ ध्वनिमुद्रणापेक्षाही तेथे अधिक भिडतात. परंतु 'सेल अवे' मात्र व्हायोलिनांविना अपुरे वाटते, कारण मोह उणा झाला की उरतो तो केवळ उपहास, आणि या गाण्याची ताकद उपहासात कधीच नव्हती. रे चार्ल्स व एटा जेम्स या कृष्णवर्णीय गायकांनी १९७० च्या दशकात हे गाणे गायले तेव्हा याहून वेगळे काहीतरी घडले : ज्यांच्या पूर्वजांना उद्देशून ते शब्द बोलले गेले असते, तेच आता ते शब्द उच्चारत होते, आणि बोलणारा बदलताच प्रत्येक आमिषामागचा हिशेब ऐकू येऊ लागला.

त्याच संग्रहातील इतर गाण्यांचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. 'पोलिटिकल सायन्स' मध्ये जग आपल्यावर प्रेम करत नाही म्हणून दुखावलेला अमेरिकी नागरिक ऑस्ट्रेलिया वगळता सर्व जगावर अणुबॉम्ब टाकण्याचे सुचवतो आणि हे सर्व जुन्या रंगमंचीय ढंगाच्या खेळकर पियानोवर घडते. 'बर्न ऑन' हे गाणे क्लीव्हलंड शहरातील कायाहोगा नदीवर आहे, जिच्या पृष्ठभागावरील तेल व कचऱ्याने जून १९६९ मध्ये पेट घेतला होता. त्या पेटलेल्या नदीला न्यूमन यांनी एखाद्या पवित्र नदीच्या स्तवनाला शोभेल अशी चाल दिली. 'लोनली अ‍ॅट द टॉप' हे फ्रँक सिनात्रा यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले, कीर्तीचा वीट आलेल्या गायकाचे गाणे सिनात्रा यांनी स्वीकारले नाही, आणि मग ज्याला फारसे कोणी ओळखत नव्हते त्या न्यूमन यांनीच ते गायल्यामुळे त्याला एक अनपेक्षित कारुण्य प्राप्त झाले.

पुनर्प्रकाशनाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो १९७४ च्या 'गुड ओल्ड बॉइज' या संग्रहाच्या संदर्भात. या संग्रहाची बीजकथा सार्वजनिक इतिहासातील आहे. डिसेंबर १९७० मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स हे डिक कॅव्हेट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आले होते. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा संमत झाल्यावर आपल्या अटलांटा येथील उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्यास नकार दिल्याबद्दल मॅडॉक्स कुप्रसिद्ध होते. कार्यक्रमात त्यांच्या समर्थकांविषयी निघालेल्या उद्गारांवरून वाद झाला आणि ते उठून निघून गेले. न्यूमन यांना या प्रसंगात एक निराळीच गोष्ट दिसली : मॅडॉक्स यांचे विचार कितीही निंद्य असले, तरी ज्या राज्याने त्यांना निवडून दिले तेथील सामान्य माणसाला त्या वादातून आपलाच अपमान झाल्यासारखे वाटले असणार. त्यातून 'रेडनेक्स' हे गाणे जन्मले. रेडनेक म्हणजे शब्दशः लाल मानेचा. उन्हात राबणाऱ्या दक्षिणेकडील गरीब गोऱ्यांना हिणवण्यासाठी हा शब्द वापरला जातो.

गाण्यात असा एक गोरा माणूस स्वतःच्या लोकांच्या अडाणीपणाची व वंशद्वेषाची आढ्यतेने कबुली देतो, आणि तसे करताना कृष्णवर्णीयांसाठीचा अत्यंत अपमानास्पद शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. तो कार्यक्रमाच्या सूत्रधाराला ज्यू ठरवतो. कॅव्हेट ज्यू नव्हते, आणि हे गाणे लिहिणारा मात्र ज्यू आहे, त्यामुळे बोलणाऱ्याचे अज्ञान व द्वेष एका फटक्यात उघडे पडतात. इथवर उत्तरेकडील सुशिक्षित श्रोता निर्धास्तपणे हसत असतो. मग शेवटच्या भागात तोच अडाणी माणूस उत्तरेतील शहरांच्या कृष्णवर्णीय वस्त्यांची नावे एकामागून एक घेऊ लागतो : न्यूयॉर्कचे हार्लेम, शिकागोचे दक्षिण व पश्चिम भाग, क्लीव्हलंडचे हफ, सान फ्रान्सिस्कोचे फिलमोर, बॉस्टनचे रॉक्सबरी. उत्तरेने कृष्णवर्णीयांना स्वातंत्र्य दिले ते या पिंजऱ्यांत राहण्याचे, असा त्या नामावळीचा रोख आहे. संग्रह प्रसिद्ध झाला त्याच सुमारास, सप्टेंबर १९७४ मध्ये, शाळांतील वर्णविभागणी मोडण्यासाठी न्यायालयाच्या आदेशानुसार रॉक्सबरीतील कृष्णवर्णीय मुलांना बसने दक्षिण बॉस्टनच्या शाळेत नेले जाऊ लागले, आणि त्या बसगाड्यांवर गोऱ्या जमावाने दगडफेक केली. गाण्यातल्या त्या माणसाचे म्हणणे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर खरे ठरत होते.

हे गाणे एकटे ऐकले तर ते दुधारी शस्त्र आहे. पण संग्रहात त्याच्या लगोलग 'बर्मिंगहॅम' येते, ज्यात अलाबामा राज्यातील पोलाद कारखान्याचा एक कामगार आपले घर, कुटुंब व शहर यांविषयी साध्या अभिमानाने बोलतो, आणि त्याच्याही पाठोपाठ 'मारी', ज्यात एक दारू प्यालेला नवरा बायकोवरचे आपले प्रेम प्रथमच बोलून दाखवतो, कारण शुद्धीत असताना ते बोलण्याचे धैर्य त्याच्याजवळ नाही. 'मारी' चे वाद्यवृंद-संयोजन न्यूमन यांच्या सर्व कामात बहुधा सर्वांत सुंदर आहे. ज्या माणसाचा आपण पहिल्या गाण्यात तिरस्कार केला, त्याच माणसासाठी तिसऱ्या गाण्यात डोळे भरून येतात, आणि या दोन भावनांची सांगड घालण्याचे काम न्यूमन श्रोत्यावर सोडून देतात. पुढे 'लुइझियाना १९२७' मध्ये मिसिसिपी नदीच्या त्या वर्षीच्या महापुराचे वर्णन येते. गाण्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज आगगाडीने पूरग्रस्तांना पाहायला येतात. प्रत्यक्षात कूलिज त्या भागात कधी गेलेच नाहीत, त्यांनी हर्बर्ट हूव्हर यांना पाठवले. ही चूक समजायची, की जे घडायला हवे होते ते बोलणाऱ्याच्या आठवणीने घडवून घेतले असे समजायचे, यावर श्रोत्यांत नेहमी मतभेद होतात. दुसरा अर्थ गाण्याच्या स्वभावाशी अधिक जुळतो. गाण्यात कोणी अनामिक 'ते' आपल्याला वाहून टाकू पाहत आहेत अशी जी तक्रार आहे, तिलाही इतिहासाचा आधार आहे, कारण एप्रिल १९२७ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी कार्नार्व्हन येथील बांध सुरुंगाने उडवून आसपासचा ग्रामीण प्रदेश जाणीवपूर्वक पाण्याखाली घालण्यात आला होता. त्याच्या पुढची दोन गाणी ह्यूई लाँग या नेत्याची आहेत, ज्यांपैकी एक तर असे प्रचारगीत आहे की ज्याच्या रचनेत स्वतः लाँग यांचा हात होता. १९२७ च्या पुरात बुडालेल्या, फसवल्या गेलेल्या जनतेने १९२८ मध्ये लाँग यांना गव्हर्नर केले. म्हणजे गाण्यांचा क्रम हाच येथे इतिहासाचा युक्तिवाद आहे आणि तो मोडला तर संग्रह मोडतो.

२००२ मध्ये ऱ्हायनो या पुनर्प्रकाशनासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेने हा संग्रह दोन तबकड्यांत काढला, आणि दुसऱ्या तबकडीवर 'जॉनी कटलर्स बर्थडे' या नावाने फेब्रुवारी १९७३ मधील एक कच्चे ध्वनिमुद्रण प्रथमच सर्वांसमोर ठेवले. कच्चे ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात डेमो म्हणतात, ते गाण्याचा आराखडा सहकाऱ्यांना कळावा एवढ्यापुरते केलेले असते. येथे न्यूमन एकट्याने पियानोवर बसून गातात आणि मध्ये मध्ये थांबून प्रसंग कोणता, बोलणारा कोण, हे सांगत जातात, कारण मूळ बेत जॉनी कटलर या एकाच माणसाच्या आयुष्याभोवती सर्व गाणी गुंफण्याचा होता. पुढे हा बेत सोडला गेला, कटलरचे नाव गळाले, आणि जे उरले ते वर वर्णिलेले, कोणाचेही नाव न सांगणारे संग्रहाचे रूप. या तबकडीमुळे श्रोत्यांत दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते 'रेडनेक्स', 'बर्मिंगहॅम' व 'मारी' यांतून बोलणारा माणूस एकच आहे हे आता पुराव्यानिशी सिद्ध झाले आणि जुने गैरसमज मिटले. दुसऱ्या पक्षाच्या मते कवीने जे जाणूनबुजून खोडले ते त्याच्या ग्रंथात पुन्हा छापणे अयोग्य आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तरी दुसऱ्या तबकडीचे मूल्य निर्विवाद मानावे लागते, कारण कीर्तनकाराची जी जागा मूळ ध्वनिमुद्रिकेत रिकामी होती ती येथे स्वतः रचनाकार काही काळ भरून काढतो, आणि मग त्याने ती रिकामी का सोडली हेही कळते. नाव असलेला कटलर हा कोणीतरी दुसरा माणूस राहिला असता. नाव गेल्यामुळे तो कोणीही असू शकतो.

चौकट हरवली की उपरोधाचे काय होते याचे प्रत्यंतर न्यूमन यांच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांनीच दिले आहे. १९७७ चे 'शॉर्ट पीपल' हे बुटक्या माणसांचा द्वेष करणाऱ्या एका मूर्खाचे गाणे. द्वेषाला कोणतेही निमित्त पुरते हे दाखवण्यासाठी त्यांनी मुद्दाम सर्वांत निरर्थक निमित्त निवडले, आणि मधल्या कडव्यात सुरेल सहगायनासह सर्व माणसे सारखीच असल्याचे उघडपणे म्हटले. तरीही गाणे अमेरिकेतील बिलबोर्ड क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचताच निषेधांचा वर्षाव झाला आणि १९७८ मध्ये मेरिलँड राज्याच्या विधिमंडळात ते नभोवाणीवर वाजवण्यास बंदी घालणारे विधेयकही मांडले गेले. ते संमत झाले नाही. उलट प्रकार १९८३ च्या 'आय लव्ह एल. ए.' चा : उघड्या मोटारीतून हिंडणाऱ्या, रस्त्यावरच्या भणंग माणसाकडे नुसती नजर टाकून पुढे जाणाऱ्या सुखवस्तू माणसाचे हे गाणे लॉस एंजेलिसने आपले गौरवगीत म्हणून स्वीकारले आणि तेथील संघांच्या विजयानंतर ते क्रीडांगणांत वाजू लागले. 'यू कॅन लीव्ह युअर हॅट ऑन' हे मूळचे एका दुबळ्या, लाचार पुरुषाचे गाणे जो कॉकर यांच्या १९८६ च्या आवाजात निर्भेळ कामुक गीत बनले. 'लुइझियाना १९२७' चे मात्र रूपांतर अधिक उदात्त झाले. ऑगस्ट २००५ च्या कत्रिना वादळानंतर अ‍ॅरन नेव्हिल यांनी मदतनिधीच्या कार्यक्रमात ते गायले आणि विस्थापित झालेल्या न्यू ऑर्लिन्सला त्यात स्वतःचा शोक सापडला. तेथे उपरोध बाजूला सरला हे खरे, पण गाण्यातील दुःख मुळातच खरे असल्यामुळे काही गमावले गेले नाही.

ध्वनीच्या तांत्रिक बाजूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणाच्या अंतिम फितीवरून तबकडी किंवा सीडी तयार करण्यापूर्वी आवाजाच्या पातळ्या जुळवण्याच्या प्रक्रियेला मास्टरिंग म्हणतात, आणि तीच प्रक्रिया नव्याने करणे म्हणजे रिमास्टरिंग. १९९० च्या दशकापासून नव्या आवृत्त्या अधिक मोठ्याने वाजाव्यात म्हणून हळू व मोठ्या आवाजांतील अंतर कमी करण्याची प्रथा सर्वत्र पसरली. ज्या संगीतात सर्व काही सारख्याच जोराने वाजते तेथे याने फारसे बिघडत नाही. पण न्यूमन यांच्या ध्वनिमुद्रणांत पुटपुटणारा आवाज जवळ असतो व वाद्यवृंद दुरून चढत येतो, आणि माणसाचे क्षुद्रपण व त्याच्या स्वप्नांची भव्यता यांतील दरी ऐकू येते ती याच अंतरातून. हे अंतर बुजवणारी आवृत्ती कितीही स्वच्छ असली तरी ती सदोष मानली पाहिजे, आणि जुन्या तबकड्या जपणाऱ्या श्रोत्यांचा आग्रह येथे पूर्णपणे समर्थनीय आहे. इंटरनेटवरून सुटी गाणी ऐकण्याच्या सध्याच्या पद्धतीने तर क्रम, वेष्टन, छापील शब्द व टिपणे या चारही गोष्टी एकदम काढून घेतल्या आहेत.

उपरोध हे सर्व दोषांवर पांघरूण आहे असे मात्र मानता येणार नाही. 'रेडनेक्स' मधील तो शब्द ज्यांना उद्देशून शतकानुशतके वापरला गेला त्यांच्यापैकी एखाद्याने, हेतू समजूनही, हे गाणे ऐकण्यास नकार दिला तर त्याची समज तोकडी आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. काही चाहते असा आग्रह धरतात की ज्याला गाणे कळले त्याला ते टोचणार नाही. वस्तुतः ज्याला ते कळले त्याला ते अधिक टोचले पाहिजे, आणि गोऱ्या श्रोत्याला ते टोचावे यासाठीच ते लिहिले गेले आहे. न्यूमन यांनी २००३ च्या पुनर्ध्वनिमुद्रणातही हे गाणे वगळले नाही, शब्दही बदलला नाही. पुनर्प्रकाशकांनीही तो पुसून टाकू नये, परंतु गाण्याची पार्श्वभूमी सांगणारे टिपण सोबत देण्याची जबाबदारी त्यांनी टाळू नये. २००२ च्या दुसऱ्या तबकडीने हे काम छापील टिपणांपेक्षाही चांगले केले आहे.

न्यूमन यांच्या चित्रपट-संगीताचा, 'टॉय स्टोरी' मधील सर्वपरिचित गाण्यांचा किंवा २००२ व २०११ मध्ये मिळालेल्या दोन ऑस्करांचा विचार येथे केलेला नाही. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्या गाण्यांत बोलणारा व गाणारा यांच्यात अंतर नसते. ज्या मराठी वाचकाला या गीतांकडे प्रथमच वळायचे असेल त्याने सुट्या गाण्यांपासून आरंभ करू नये आणि निवडक गाण्यांच्या संकलनांपासूनही नको. 'गुड ओल्ड बॉइज' ची मूळ बारा गाणी त्यांच्या क्रमाने, शब्द समोर ठेवून, एका बैठकीत ऐकावीत, आणि दुसरी तबकडी त्यानंतर काही दिवसांनी लावावी; मूळ संग्रह ऐकायला सुमारे अर्धा तास लागतो.